'स्मृतिचित्रे'मधील ईश्वरनिष्ठा

ईश्वराच्या बळावर विसंबले की दुःख टळते, असा समज अनेकदा आढळतो. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र हा समज तपासून पाहण्यास लावते.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पतीचा वियोग आणि लहान मुलाची चिंता आली. पुढे पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांनी लगेच धर्मांतर केले नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, हे त्यांना आधी उमगले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. विचारांती आलेली ही श्रद्धा देवाशी सौदा करीत नाही. धर्मांतरानंतरही संसारातील ओढाताण संपली नाही, आणि त्याबद्दल लक्ष्मीबाई देवाला दोष देत नाहीत.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुमारे साडेदहा अध्यायांवर थांबले होते. शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. येथे श्रद्धेने केवळ सांत्वन दिले नाही. अपुरे राहिलेले काम पुढे नेण्याचे बळ दिले.

निवेदनशैलीतही हेच जाणवते. लक्ष्मीबाई दुःखाचे प्रदर्शन करीत नाहीत. घरगुती बोलीत, प्रसंगी स्वतःलाच हसत, त्या आठवणी सांगतात. म्हणूनच उपदेशाचा सूर न लावताही त्यांची निष्ठा वाचकाला पटते.

स्वाध्याय : ईश्वरनिष्ठा आणि कर्तव्य यांचा संबंध 'स्मृतिचित्रे'तील एका प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.