केळकरांच्या वाड्यात एकदा जाऊन ये

ऐक गं, पुण्याला जाऊन इतके महिने झाले आणि तू फोनवर सांगतेस काय, तर मेसची पोळी कच्ची असते आणि अभ्यासिकेत जागा मिळत नाही! एक सकाळ पुस्तकं मिट आणि शुक्रवार पेठेत जा. राजा दिनकर केळकर संग्रहालय. रविवारी नको हं, सहलींची गर्दी असते. आणि मैत्रिणींचा घोळकाही नको, एकटीच जा.

दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं, ‘अज्ञातवासी’ नावानं कविताही करायचे. 1920च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचंच नाव संग्रहाला दिलं. आपल्या चंद्रपूरच्या हिराई राणीनं नवऱ्यासाठी, बिरशहासाठी, समाधी बांधली नं? या माणसानं लेकासाठी गावोगाव हिंडून वाडा भरला. 20 हजारांच्या आसपास वस्तू, आणि 1975 मध्ये सगळ्या सरकारला देऊन मोकळे!

आत गेलं की जो तो मस्तानी महालाकडे धावतो. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष आणून तो उभा केलाय. बघ, पण फोटो काढत तिथंच रेंगाळू नकोस. अख्खा वाडा एका दिवसात संपवायचाही हट्ट नको, डोकं भणभणतं नुसतं.

तू अडकित्त्यांपाशी थांब. काम काय, तर सुपारी कातरायची! पण कुणा कारागिरानं दोन दांड्यांचं जोडपं केलंय, मिटलं की बिलगणारं. मग वज्री बघ, टाचा घासायच्या. खालून खरखरीत, वर पक्षी बसलेला. तलवारी काय, कुठल्याही संग्रहालयात मिळतील. बाईच्या न्हाणीतली वस्तू काचेत मांडावी असं किती जणांना सुचतं? मला तर तेवढ्यासाठीच हा माणूस मोठा वाटतो.

आणि हो, तिथल्या जुन्या पितळी दिव्यांचे फोटो काढू देत असतील तर विचारून काढ आणि आईला लगेच पाठव. माळ्यावरचं सगळं पितळ दिवाळीआधी मोडीत द्यायचं तिनं ठरवलंय, आजीची समईसुद्धा. दुकानदाराला सांगूनही आलीय. माझं काही ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.