रॉ फाईल उघडायला किती पैसे मोजायचे?

भाचीच्या हळदीचे फोटो मी काढले होते. मांडवाला पिवळं कापड, वर पिवळे बल्ब आणि नवरी हळदीने माखलेली. कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या जेपेगमध्ये सगळ्यांचे चेहरे केशरी आले. सुदैवाने सोबत रॉ फाईलही साठवली होती. ती उघडली, व्हाईट बॅलन्सचा ड्रॉपर घेतला आणि दादाच्या टोपीवर, सावलीतल्या पांढऱ्या भागावर टेकवला. टोपी पांढरी झाली, ताईच्या शालूचा मोरपंखी रंग परत आला आणि हळद हळदीसारखीच राहिली. या सगळ्याला एक रुपयाही लागला नाही. म्हणूनच नवा कॅमेरा घेतलेलं कुणी "आता फोटो एडिट करायला अ‍ॅडोबीच्या लाईटरूमचे पैसे भरावेच लागणार ना?" असं विचारतं तेव्हा मी आधी थांबायला सांगतो.

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. केशरी चेहरे सावरायला, काळवंडलेली सावली उघडायला एवढी जागा लागते. पण ही नोंद प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने लिहिते. कॅननची सीआर2 किंवा सीआर3, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. संगणकाला ती लिपी वाचता आली नाही की फाईल उघडत नाही, आणि फाईल खराब झाली असं वाटून माणूस घाबरतो. बहुतेक वेळा फाईल ठणठणीत असते.

नुसती बघायची असेल तर खर्च शून्य. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये 'रॉ इमेज एक्स्टेन्शन' मोफत मिळतं. ते टाकलं की बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फाईलींची छोटी चित्रं फोल्डरमध्येच दिसू लागतात.

एडिटिंगसाठी पहिला शोध आपल्याच कॅमेरा कंपनीकडे घ्या. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप ही तिन्ही मोफत आहेत. कॅननचं उतरवताना कॅमेऱ्याचा सिरियल नंबर विचारला जातो. तो कॅमेऱ्याच्या तळाशी असतो. फुजीवाल्यांना एक वेगळीच सोय आहे. एक्स रॉ स्टुडिओ उघडून कॅमेरा केबलने जोडला की फाईल तयार करण्याचं काम कॅमेऱ्यातला प्रोसेसरच करतो, त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. ही सॉफ्टवेअर दिसायला साधी आहेत, काही संथही आहेत. पण आपल्या कंपनीचे रंग ती सगळ्यात नेमके ओळखतात. महिन्याला शंभर-दोनशे फोटो काढणाऱ्याला मी यापुढे जायचा सल्ला देणार नाही.

यापुढची पायरी डार्कटेबल आणि रॉथेरपी. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, दोन्ही कायमची फुकट. डार्कटेबलमध्ये फोटो पहिल्यांदा उघडला की फिकट, निर्जीव वाटतो आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण बघतो तो रॉ फाईलच्या पोटातला तयार जेपेग असतो. इथे समोर आलेला माल अजून कच्चा आहे, एवढं ध्यानात ठेवायचं. आधी एक्सपोजर, मग व्हाईट बॅलन्स, मग कॉन्ट्रास्ट, या क्रमाने गेलात तर आठवडाभरात हात बसतो. तो आठवडा हीच त्याची किंमत.

आता पैसे भरून घ्यायच्या गोष्टी. लाईटरूम मी स्वतः वापरलं आहे आणि ते उत्तम आहे यात शंका नाही. लग्नाच्या हजार-बाराशे फ्रेममधून निवड करून एकाची सेटिंग्ज शंभरांना लावायची तर त्याचा वेग कामाला येतो. पण ते आता विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं लाईटरूम 6 होतं, 2015 मध्ये आलेलं; 2017 अखेर त्याचे अपडेट थांबले. 2018 मध्ये कॅननने सीआर3 फाईल आणली आणि ती त्यात उघडेना. फोटोशॉपसकट मिळणारी 20 जीबी ऑनलाईन जागेची योजना अमेरिकेत बरीच वर्षं महिना 9.99 डॉलरला होती. जानेवारी 2025 पासून नव्या ग्राहकांना ती बंद झाली आणि 1 टीबीची, 19.99 डॉलरची योजना उरली. भारतातले दर रुपयांत वेगळे असतात, त्यामुळे पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडाच खरा धरा. त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही पाहा. महिना 1,000 रुपये अधिक कर असेल तर वर्षाचे 14,160 आणि पाच वर्षांचे 70,800 रुपये होतात. तेवढ्यात चांगली लेन्स येते.

'वार्षिक, दरमहा हप्ता' हा पर्याय निवडताना विशेष जपा. तो महिन्याचा करार नसून वर्षाचा असतो. पहिल्या 14 दिवसांनंतर मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे मागितले जातात. चौथ्या महिन्याच्या शेवटी बंद केलंत, तर आठ महिन्यांच्या निम्मे, म्हणजे चार महिन्यांचे. हे शुल्क ग्राहकांपासून लपवल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने जून 2024 मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला. वर्गणी संपल्यावर लाईटरूम क्लासिकमधले फोटो दिसत राहतात, बाहेरही काढता येतात. डेव्हलप विभाग मात्र कुलूपबंद होतो.

एकरकमी पैसे देणं पसंत असेल तर डीएक्सओ फोटोलॅब बघा. अंधारातल्या फोटोंचे दाणे काढण्यात ते फार तरबेज आहे. आधी मोफत चाचणी घ्या आणि ती आपल्या सगळ्यात वाईट फोटोवर घ्या.

क्रॅक केलेली प्रत पेनड्राईव्हवर कुणी आणून दिली तर घेऊ नका. तिच्यातून व्हायरस येऊ शकतो, आणि तिला अपडेट नसल्याने नव्या कॅमेऱ्याची फाईल उघडायची अडचण तशीच राहते. 'रॉचं जेपेग करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी साईटवर घरातले फोटो चढवणंही टाळा. जुनं लाईटरूम किंवा फोटोशॉप असेल तर अ‍ॅडोबीचंच मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरा. नव्या फाईलींची डीएनजी प्रत झाली की जुनं सॉफ्टवेअर ती उघडतं.

खरा खर्च साठवणुकीचा असतो आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाईल साधारण 28 एमबी धरा. हळदीच्या 1,200 फ्रेम म्हणजे जवळपास 34 जीबी. असे तीन कार्यक्रम झाले की 100 जीबीची ऑनलाईन जागा भरलीच. म्हणून हातात पाच-सहा हजार असतील तर ते सॉफ्टवेअरवर घालू नका, पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी डिस्कवर, आणि डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत नको, कपाटात. दोन्हीकडच्या चार-पाच फाईली उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. भाचीच्या हळदीचं कार्ड मी तिसऱ्या दिवशी, डिस्कवरची प्रत उघडून पाहिल्यावरच फॉरमॅट केलं.