खेळ कोणाचा? निर्माता, प्रकाशक आणि श्रेयाचा प्रश्न

पुस्तक हाती घेतले की मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आणि तळाशी प्रकाशकाचे नाव आपण वाचतो. दोघांची कामे निराळी आहेत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु मोबाइलवर किंवा संगणकावर आपण जो खेळ खेळतो तो कोणी रचला असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. फार तर एखाद्या कंपनीचे नाव सांगता येईल. आणि पुष्कळदा ते नाव खेळ रचणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. असे का होते, आणि त्याने काय बिघडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. खेळाची कल्पना मांडणारा, चित्रे काढणारा, आज्ञावली लिहिणारा तो निर्माता. व्यवसायात त्याला ‘डेव्हलपर’ म्हणतात. पैसा पुरवणारा, जाहिरात करणारा, निरनिराळ्या यंत्रांवर खेळ पोहोचवणारा तो प्रकाशक. या दोघांच्या व्यवहारात तीन गोष्टी येतात : मोबदला, मालकी आणि श्रेय. मोबदला देता येतो. मालकी विकता येते. श्रेय मात्र वस्तुस्थिती आहे. अमुक काम अमुक माणसाने केले, हे मालकी विकल्याने बदलत नाही. या तिन्ही गोष्टी एकच मानल्या की घोटाळा सुरू होतो.

या घोटाळ्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील अटारी कंपनीचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या कंपनीचे खेळ घरोघर गेले, पण त्यांवर रचनाकाराचे नाव नसे. वॉरन रॉबिनेट या तरुणाने ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा खेळ जवळजवळ एकट्याने रचला आणि कोणाला न सांगता त्यात एक गुप्त खोली ठेवली. टिंबाएवढा एक ठिपका शोधून तो ठराविक जागी नेला तरच ती उघडते. आत रचनाकाराचे नाव आहे! खेळ बाजारात आला तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. स्वतःच्याच घरात चोरासारखे नाव लिहावे लागावे, यातच सारे आले.

त्याच कंपनीतील चार रचनाकार १९७९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही संस्था काढण्यात भाग घेतला. इतरांच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ रचणारी ही पहिली संस्था मानली जाते. तिने रचनाकारांची नावे उघडपणे छापली. पुढे हीच संस्था जगातील बड्या प्रकाशकांपैकी एक झाली आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ६,९०० कोटी डॉलरना घेतली. श्रेयासाठी भांडणारेही मोठे झाले की दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या गटाने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा असून तिच्या मांडणीत पहाडी चित्रशैलीचा आणि छायाबाहुल्यांचा वापर आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. खेळ पुरा झाला आणि २०२० मध्ये ‘सुपर डॉट कॉम’ या परदेशी प्रकाशकामार्फत जगभर गेला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. प्रकाशकावाचून पुण्यातला खेळ जगभर पोहोचणे कठीण होते, हे मान्यच केले पाहिजे. पण नामांकन मिळाले ते पदार्पण करणाऱ्या निर्मात्यांना. दोन्ही नावे आपापल्या जागी राहिली, तर कोणाचेच काही कमी होत नाही.

याबाबत कायदा काय म्हणतो? १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे सक्तीचे केले होते. लेखकाचे नाव छापण्याची सक्ती त्यात नव्हती. सरकारला जाब विचारण्यासाठी माणूस हवा होता, कर्त्याशी त्याला कर्तव्य नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मात्र निराळा विचार केला. नोकरीत केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाकडे जाते. तथापि कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाबाबत याच कलमाचा आधार घेतला होता, आणि १९८६ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने या हक्काचे महत्त्व सांगितले. परंतु खेळाला अनेक हात लागलेले असतात. कोणाचे नाव कोठे घालायचे हे कायदा सांगत नाही, ते करारातच ठरवावे लागते.

आपल्या खानदेशात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दगडावर कोरलेले आहे. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख आपल्या प्राध्यापकांना परिचित आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोईदेवाने त्याला दान दिले. आजच्या भाषेत बोलायचे तर पैसा पुरवणारा सोईदेव. पण त्या शिळेवर दात्याबरोबरच भास्कराचार्यांची वंशावळही आहे. दान दिले म्हणून विद्या दात्याची झाली नाही.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेवांच्या प्रयत्नाने ती पुस्तकरूपाने आली आणि आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. सोपानदेव स्वतः नामवंत कवी, अत्रे तर महाराष्ट्रभर गाजलेले. तरीही गाणी बहिणाबाईंचीच राहिली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. उतरवून घेणाऱ्यांनी तेव्हा मौन पाळले असते, तर आपण कोणाचे नाव घेतले असते?

हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. पाटीवर दुकानदाराचे नाव मोठे आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत वडिलांची सही. ती सही पाहून पुढचे गिऱ्हाईक घरी येई. फ्लेक्स आल्यावर कोपरा रिकामा झाला आणि गिऱ्हाईकही थांबले. म्हणून श्रेय हा केवळ मानाचा विषय आहे असे मला वाटत नाही; नवख्या कारागिराचे तेच भांडवल असते. ज्याचे नाव छापले गेले नाही, त्याला पुढच्या कामाच्या वेळी आपण काय केले ते सिद्ध करता येत नाही.

प्रकाशकांचीही बाजू आहे. अनेक खेळ तोट्यात जातात आणि तो भार बहुधा प्रकाशकावर पडतो. काम चालू असताना माणसे बदलतात, याद्या लांबतात. पण चित्रपटाच्या अखेरीस शेकडो नावे येतात, त्याने चित्रपट अडत नाही. खेळ रचणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही नामावलीबाबत मार्गदर्शक नियम केलेले आहेत. त्या अनुषंगाने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नाव कोठे व कसे येईल हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरावे. मध्येच सोडून गेलेल्याचे नावही, त्याने केलेल्या कामापुरते, यादीत असावे. आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावर प्रकाशकाइतक्याच आकाराचे निर्मात्याचे नाव असावे.

आपल्यापैकी काही जण उद्या संगणकावर चित्रे काढतील, काही संवाद लिहितील, काही कदाचित खेळही रचतील. सही करण्यापूर्वी करार वाचण्याची सवय आताच लावून घेतली पाहिजे. आणि आरंभ करायला पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. येत्या स्नेहसंमेलनात नाटकाची पत्रिका छापताना पडदा ओढणाऱ्याचे आणि नेपथ्य रंगवणाऱ्याचे नाव त्यात घालावे, अशी माझी विद्यार्थी प्रतिनिधींना विनंती आहे.