चित्रकथा : वाचन, परीक्षण आणि संग्रह

विद्यार्थिमित्रहो, ज्या पुस्तकांस सर्वत्र 'कॉमिक्स' म्हणतात आणि ज्यांस आम्ही ह्या लेखांत चित्रकथा म्हणणार आहों, तीं तुमच्यापैकीं बहुतेकांच्या हातीं कधीं ना कधीं आलींच असतील. हीं पुस्तकें पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. उलटपक्षीं, कित्येक मुलांस त्यांवांचून दुसरें कांहीं वाचवत नाहीं. दोन्ही पक्षांचा आग्रह क्षणभर बाजूस ठेवून, हीं पुस्तकें वाचावीं कशीं, त्यांचें परीक्षण लिहावें कसें, आणि त्यांचा संग्रह करावा कीं नाहीं, ह्या तीन प्रश्नांचा येथें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाचन. फुग्यांतील शब्द भराभर वाचून पान उलटलें कीं चित्रकथा वाचून झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक कथेचा मोठा भाग चित्रांत असतो, आणि कांहीं भाग तर दोन चौकटींच्या मधील कोऱ्या पट्टींत असतो. एका चौकटींत नायकानें दाराच्या कडीस हात घातला आहे, आणि पुढच्या चौकटींत तो आंत उभा आहे. दार उघडल्याचें चित्र चित्रकारानें काढलेलेंच नाहीं. तें वाचकानें आपल्या मनांत काढावयाचें असतें. चौकट रुंद असली म्हणजे वेळ लांबल्यासारखा वाटतो. लहान चौकटी एकीपुढें एक आल्या म्हणजे धांदल उडाल्याचा भास होतो. फुग्याची कड दातेरी असली तर ते शब्द ओरडून बोललेले, ढगासारखी असली तर तो मनांतला विचार, असा संकेत आहे. म्हणून चांगली चित्रकथा दोनदां वाचावी : एकदां गोष्टीसाठीं, आणि दुसऱ्यांदा शब्द झांकून नुसतीं चित्रें पाहण्यासाठीं.

आतां परीक्षण. 'गोष्ट मजेदार आहे, चित्रें सुरेख आहेत' एवढ्यावर थांबणें म्हणजे परीक्षण नव्हे. कथा कोणीं लिहिली आणि चित्रें कोणीं काढलीं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. १९६७ सालीं सुरू झालेल्या 'अमर चित्रकथा' मालेचे संपादक अनंत पै यांचें नांव सर्वांस ठाऊक असतें. परंतु राम वाईरकर व प्रताप मुळीक ह्या चित्रकारांचीं नांवें किती वाचकांस सांगतां येतील? दुसरा प्रश्न असा कीं, कथा आपल्यापर्यंत येतांना तिच्यांत काय बदललें? ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकेंतील वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं अवतरला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें, आणि पुढें मराठींत तोच नायक 'वेताळ' ह्या नांवानें घरोघरीं पोंचला. वर्तमानपत्रांत रोज येणाऱ्या चौकटी पुस्तकाच्या पानांवर नव्यानें जुळवाव्या लागल्या, कांहीं गाळाव्या लागल्या. मूळ कथेंतील देशाचें नांव आपल्या बंगालशीं मिळतें-जुळतें होतें, तें 'डेंकाली' करण्यांत आलें. अशा फेरफारांनीं कथा सुधारली कीं बिघडली, हें परीक्षकानें सांगावें. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : चित्र कोणास मोठें करतें आणि कोणास लहान? अरण्यांतील काळ्या लोकांचें रक्षण पिढ्यान् पिढ्या एका गोऱ्या कुळानेंच कां करावें? पुराणकथांच्या चित्रांत राक्षस काळाच कां असावा? आवडत्या पुस्तकासहि असे प्रश्न विचारतां येतात, आणि विचारले म्हणून त्याची गोडी कमी होत नाहीं.

परंतु असा निकाल वाचल्यानंतरच देतां येतो. ह्याविषयीं अमेरिकेचा अनुभव पालकांनीं व शिक्षकांनीं ध्यानांत घेण्यासारखा आहे. १९४८ च्या सुमारास तेथील कित्येक गांवांत मुलांकडून चित्रकथा गोळा करवून त्यांच्या होळ्या पेटविण्यांत आल्या. न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन येथील होळी त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झाली. त्या होळ्यांभोंवतीं मुलांस उभे करणाऱ्यांत शिक्षक आणि धर्मगुरु होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष बोचावी. १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनीं आपल्या ग्रंथांत, मुलांच्या गुन्हेगारीस चित्रकथा कारण होतात, असें प्रतिपादन केलें. त्याच वर्षीं सिनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली आणि भयभीत प्रकाशकांनीं स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. तिचा अंमल उत्तरोत्तर सैल होत २०११ सालीं पूर्णपणें संपला. पालकांची काळजी निराधार होती, असें नाहीं. कांहीं पुस्तकांतील चित्रें खरोखर बीभत्स होतीं. तथापि कॅरल टिली ह्या संशोधिकेनें वर्थम यांचीं टिपणें तपासून २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, मुलांचीं बोलणीं त्यांनीं ठिकठिकाणीं बदललीं व जोडलीं होतीं. वाईट पुस्तकांबरोबर चांगलींहि पुस्तकें आगींत गेलीं, कारण निवडून पाहण्याचे श्रम फारसे कोणीं घेतले नाहींत.

होळी पेटविणारा जसा न वाचतां निकाल देतो, तसाच पैशाच्या लोभानें संग्रह करणाराहि देतो. सुपरमॅनची पहिली कथा ज्यांत आली, तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ सालीं १० सेंटांस मिळत असे. त्याची एक प्रत २०२४ सालीं ६० लक्ष डॉलरांस विकली गेली. हें मोल कशामुळें आलें? मुलांनीं ते अंक वाचून वाचून फाडले, आयांनीं टाकून दिले, महायुद्धांत कितीएक रद्दींत गेले; म्हणून उरलेले दुर्मिळ झाले. हें कारण विसरून १९९० नंतर लोक नवे अंक गठ्ठ्यांनीं घेऊं लागले. १९९१ सालीं 'एक्स-मेन'च्या एका अंकाच्या ८० लक्षांहून अधिक प्रती दुकानदारांनीं मागविल्या. नोव्हेंबर १९९२ मध्यें सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या, बंद पिशवींत विक्रीस आला. पिशवी फोडली तर भाव उतरेल, ह्या भीतीनें कित्येकांनीं ती फोडलीच नाहीं. ज्या मृत्यूची एवढी वार्ता झाली, त्याची कथा त्यांच्या घरांत न वाचतां पडून राहिली! आणि जी वस्तु लाखों घरांत जपून ठेवलेली आहे, तिला दुर्मिळ कोण म्हणणार? भाव कोसळले, हजारों दुकानें बंद पडलीं, आणि डिसेंबर १९९६ मध्यें 'मार्व्हल' ह्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्या पडझडींतून जो 'डायमंड' नांवाचा वितरक जवळजवळ एकटा उरला होता, त्यानेंहि जानेवारी २०२५ मध्यें तोच मार्ग धरला. असा हा धंदा सतत बदलणारा आहे. त्याच्या भरंवशावर मुलांनीं खाऊचे पैसे गुंतवूं नयेत.

मग संग्रह करूंच नये काय? अवश्य करावा, पण वाचकानें करावा. 'इंद्रजाल' १९९० सालीं बंद पडलें. 'अमर चित्रकथे'चीं पुस्तकें पुनःपुन्हां छापलीं जातात. 'वेताळ'च्या जुन्या मराठी प्रती मात्र कोणाच्या तरी माळ्यावर राहिल्या असल्या तरच आहेत. आजोबांची किंवा मामांची जुनी पेटी रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी. एका अंकाची एकच प्रत ठेवावी. ती दमट भिंतीपासून व उन्हापासून दूर ठेवावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, कारण कालांतरानें तिचा पिंवळा डाग कागदांत उतरतो. पावसाळा संपला म्हणजे पुस्तकें काढून झटकावीं, नाहींतर कसर लागते. शिवाय एक वही करावी. तींत प्रत्येक पुस्तकाचें नांव, लेखक, चित्रकार, साल व भाषा लिहून खालीं आपलें मत चार ओळींत नोंदवावें. वहींत मत लिहिलेलें नाहीं तें पुस्तक आपल्या संग्रहांत नाहीं, असा नियम ज्यानें केला, त्याच्या घरीं पुस्तकांचा निरर्थक ढीग कधींच सांचणार नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या हातांतील चित्रकथा हिसकावून घेण्यापूर्वीं ती त्याच्याजवळ बसून शेवटपर्यंत वाचावी. नंतर ती वाईट ठरली, तर कां वाईट तें त्यास समजावून सांगतां येईल. आणि चांगली ठरली, तर वहींतील चार ओळींखालीं आणखी दोन ओळी आपल्याहि हातच्या लिहाव्या.