ऐनाच्या मुलखात रेशमाचा विचार

उन्हाळ्याच्या अखेरीस शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातून प्रवास करणाऱ्याच्या नजरेत एक दृश्य भरल्यावाचून राहत नाही. वरकस जमिनीतील ऐनाची झाडे फांद्या छाटल्यामुळे खांबांसारखी उभी असतात. त्यांचा टाहाळ राबासाठी गेलेला असतो. ऐनाच्या डहाळ्या, पातेरा, गवत व शेण जमिनीवर पसरून भाजावयाचे आणि पाऊस पडताच त्या राखेत भाताचे रोप टाकावयाचे, अशी येथील जुनी रीत आहे. या टाहाळावरून सरकार आणि रयत यांच्यात पूर्वी मोठा वाद माजला होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला.

रेशमाविषयी लिहिताना ऐनाचे स्मरण होण्याचे कारण असे की, ज्या झाडाचा येथे राब होतो त्याच झाडावर विदर्भात रेशीम पिकते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ढिवर समाजातील कुटुंबे ऐन व अर्जुन वृक्षांवर टसरच्या अळ्या सोडतात, पाखरे व मुंग्यांपासून त्यांची राखण करतात आणि देठाने फांदीला लोंबणारे टणक कोष उतरवून घेतात. करवतकाठी साडी याच टसरची. पश्चिम महाराष्ट्रातही हा प्रयत्न झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेजर कूसमेकर या अधिकाऱ्याने पुणे भागात टसरचे प्रयोग केले. मात्र त्यातून धंदा उभा राहिला नाही. टसरची अळी उघड्या झाडावर वाढते. सह्याद्रीच्या पायथ्याचा धुवाधार पाऊस तिला मानवणे अवघड, असे आम्हांस वाटते. म्हणून या दोन तालुक्यांपुरता विचार करावयाचा तर तो तुतीच्या रेशमाचाच करावा लागेल.

तुतीचे रेशीम मूळचे चीनचे. ही विद्या चिनी लोकांनी शतकानुशतके गुप्त राखली. सहाव्या शतकात दोन साधूंनी रेशमाची अंडी कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियन याच्याकडे पोहोचविली, असे इतिहासकार सांगतात. आपल्या देशात म्हैसूर प्रांती या धंद्यास टिपू सुलतानाने चालना दिली आणि पुढे जमशेटजी टाटांनी जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने बंगळूर येथे रेशीम फार्म काढला. महाराष्ट्राची कीर्ती मात्र पिकविणाऱ्याची नसून विणणाऱ्याची होती. पैठण आणि येवला ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. खुद्द ठाणे शहरातही रेशमाचे विणकर होते. कच्चे रेशीम मात्र परदेशातून आणि परप्रांतांतून येई. हातमाग आपला आणि धागा परका, अशी ही जुनी स्थिती होती. नागपूर येथे राज्याचे स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले तेदेखील १९९७ साली.

आता प्रत्यक्ष किड्याकडे वळू. मादी पतंग एका वेळी सुमारे ४०० ते ५०० अंडी घालते. या समूहास अंडीपुंज म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रीन रोगाने फ्रान्समधील रेशीमधंदा बुडावयास आला, तेव्हा लुई पाश्चर यांनी अंडी घातलेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून रोगट अंडी नष्ट करण्याची रीत घालून दिली. आज शेतकऱ्याला जे रोगमुक्त अंडीपुंज मिळतात, त्यांच्यामागे हीच रीत आहे. घरचेच कोष राखून त्यांची अंडी धरण्याचा मोह कोणी करू नये, तो याच कारणासाठी.

अळी चार वेळा कात टाकते आणि सुमारे २५ ते २८ दिवसांत पूर्ण वाढते. एवढ्या अवधीत तिचे वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढते. तिला लागणाऱ्या एकूण पाल्यापैकी सुमारे ८० टक्के पाला ती पाचव्या, म्हणजे अखेरच्या अवस्थेतच फस्त करते. पाल्याचा अंदाज चुकला तर नेमक्या याच वेळी उपासमार होते आणि तीन आठवड्यांचे श्रम वाया जातात. पुढे अळी चंद्रिकेवर चढून कोष विणते. एका कोषात सुमारे १००० मीटर अखंड धागा असतो. पतंग बाहेर पडला की हा धागा तुटतो, म्हणून कोष वेळेवर विकावे लागतात. चांगल्या संगोपनात १०० अंडीपुंजांपासून ६० ते ७० किलो कोष मिळतात.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने खरा प्रश्न हंगामाचा आहे. भाताची झोडणी संपली की दिवाळीनंतर कातकरी व ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. मुलांची शाळा तेथेच सुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ येथे अळ्यांना त्यातल्या त्यात मानवणारा. याच महिन्यांत गावात दोन पिके निघाली, तर काही घरांना तरी गाव सोडावे लागणार नाही. मात्र त्याला पाणी हवे. भातसा, तानसा, बारवी ही धरणे याच परिसरात, तरी त्यांचे बहुतेक पाणी शहरांकडे जाते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्याच्या विहिरीस माघापर्यंत पाणी टिकते त्यानेच तुती लावावी. भातखाचरात ती लावू नये. मुळाशी पाणी साचलेले तिला सोसत नाही. निचऱ्याची माळजमीन निवडल्यास एकदा लावलेली तुती १२ ते १५ वर्षे पाला देते. पावसाळ्यात ओला पाला व कोंदट हवा यांमुळे अळ्यांवर बुरशीचा रोग येतो, तेव्हा त्या महिन्यांत पीक न घेणेच शहाणपणाचे. तुती लागवड व संगोपनगृह यांच्या मजुरीस रोजगार हमीतून साहाय्य मिळते. कोषांसाठी पूर्वी कर्नाटकातील रामनगरची वारी करावी लागे. २०१८ पासून जालना येथेही बाजार भरू लागला. शहापूरहून तोही जवळ नाही, म्हणून चार-पाच शेतकऱ्यांनी एकाच वेळी पीक धरून एका वाहनातून माल नेणे परवडते.

आणखी एक गोष्ट. या भागात भेंडीची लागवड बरीच होते व तिच्यावर औषधांची फवारणीही होते. शेजारच्या फवारणीचा अंश जरी तुतीवर आला, तरी त्या पाल्याने अळ्या मरतात. म्हणून तुतीची जागा ठरविण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी आणि शेजाऱ्याशी बोलून घ्यावे.