पडद्यावरील पाठ आणि पांढरा लोट

चित्रफीत दाखविली म्हणजे पाठ शिकविला, अशी समजूत अलीकडे बळावत चालली आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. आणि २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हेच साधन घरोघरी जाऊन पोहोचले. साधन उत्तमच आहे. मात्र त्यापासून मूल नेमके काय घेते, हे तपासून पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी खापरखेड्याइतके सोयीचे गाव क्वचितच आढळेल.

येथील मूल औष्णिक विद्युत केंद्राच्या सावलीत वाढते. २१० मेगावॉटचे चार व ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच येथे उभारले गेले. कोळसा कोठून येतो, राख कोठे जाते, हे पुष्कळ मुलांच्या कानांवर घरच्या बोलण्यातूनच पडलेले असते. अशा वर्गात वीजनिर्मितीची चित्रफीत लावावी. कोळशाची भुकटी जळते, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, जनित्र फिरते व वीज निघते. सर्व मुले माना डोलावतील. नंतर एकच प्रश्न विचारावा : खापरखेडा-कोराडी परिसरात कमरेशी आवळलेले जे रुंद मनोरे दिसतात, त्यांतून निघणारा पांढरा लोट कशाचा?

पुष्कळ मुले निःशंकपणे सांगतील, ‘धुराचा’.

वस्तुतः धूर उंच, निमुळत्या धुराड्यातून जातो. रुंद मनोरा हा पाणी थंड करण्यासाठी असतो. चक्र फिरवून आलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करताना जे पाणी तापते, ते मनोऱ्यात फवारले जाते. खालून हवा चढते, थोड्या पाण्याची वाफ होते, व ती वर निवून सूक्ष्म थेंबांचा ढग बनतो. चित्रफितीत हे दाखविलेले असले तरी मूल आपलीच समजूत घेऊन उठते, कारण ती समजूत त्याला कोणी आधी उघड करावयास लावलेली नसते. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या संशोधनात हेच दिसून आले. भौतिकशास्त्राच्या सरळ, सुबोध चित्रफिती विद्यार्थ्यांना ‘स्पष्ट’ वाटल्या, पण गुण फारसे वाढले नाहीत. ज्यांत चुकीच्या समजुती मांडून त्यांची चर्चा केली होती त्या गोंधळात टाकणाऱ्या वाटल्या, आणि शिकणे त्यांनीच अधिक झाले. मान डोलावण्यावर शिक्षकांनी विसंबू नये, ते यासाठी.

तेव्हा पडदा उघडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपले उत्तर वहीत लिहावे. चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. शेवटी पडदा बंद करून पाण्याचा मार्ग आठवणीने काढावयास सांगावा. ऐन पाठात वीज गेलीच (विजेच्या गावीही ती जाऊ शकते), तर हाच भाग फळ्यावर अधिक चांगला होतो.

आता घरच्या अभ्यासाविषयी. ‘घरी जाऊन व्हिडिओ पाहा’ असे सांगणे शिक्षकाला सोपे वाटते. परंतु ज्या घरी एकच मोबाइल आहे व तो वडिलांबरोबर पाळीवर जातो, तेथे तो रात्री परत येतो, आणि मुलीच्या हाती बहुधा सर्वांत शेवटी पडतो. सकाळी वर्गात ती ‘पाहिला नाही’ म्हणून उभी राहते. हा अभ्यासातील दोष नव्हे, शाळेने निर्माण केलेला अन्याय होय. ज्यांना मोबाइल मिळतो त्यांच्याविषयीही ‘असर’चा २०२४ चा ग्रामीण अहवाल बोलका आहे. १४ ते १६ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात सुमारे ५७ टक्क्यांनी त्याचा अभ्यासाकरिता उपयोग केला होता. समाजमाध्यमांकरिता करणारे सुमारे ७६ टक्के होते.

म्हणून चित्रफीत वर्गातच, सर्वांनी मिळून पाहावी व घरी प्रश्न पाठवावा. पांढरा लोट धुराचा असेल, तर पौषातल्या थंड पहाटे तो दाट आणि वैशाखाच्या कोरड्या दुपारी विरळ का दिसावा? मुलांनी हिवाळ्यात व उन्हाळ्यात काही दिवस, परिपाठापूर्वी व शाळा सुटताना, तो पाहून वहीत नोंदवावा. हवा थंड, दमट की कोरडी, हेही शेजारी लिहावे. ‘दीक्षा’वरील चित्रफीत या नोंदी झाल्यावर पुन्हा एकदा लावावी.