खाजणकाठी गळाने चोणक धरणे

ज्यांची शेते खाजणात आहेत त्यांनी चोणक बाजारातून विकत आणावा, याचे आम्हांला नवल वाटते. हा मासा आपल्याच बांधाशी येऊन उभा राहतो. रायगडकडे याला जिताडा म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. अंडी नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात, पिल्ले मात्र खाडीतून वर गोड्या पाण्यापर्यंत चढतात व मोठी होऊन पुन्हा खाली उतरतात. त्यामुळे मांडवी, जुवारी व त्यांच्या खाड्यांत तो सापडतो. त्याला होडी लागत नाही की महागडी काठी लागत नाही.

चोणक भक्ष्यामागे फार धावत नाही. खांब, खडक किंवा कांदळाची मुळे यांच्या आडोशाला तो प्रवाहाकडे तोंड करून दबा धरतो आणि भक्ष्य समोर येताच ते पाण्यासकट तोंडात ओढून घेतो. हे ओळखले की जागा आपोआप कळते. मानशीची दारे भरतीच्या पाण्याने मिटतात व ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. त्या पाण्याबरोबर कोळंबी व बारीक मासळी बाहेर पडते, आणि नदीच्या अंगाला चोणक वाट पाहत असतो. दारे उघडल्यावरचे पहिले एक-दोन तास साधावेत. संध्याकाळ किंवा पहाट असल्यास अधिक चांगले. उधाणाच्या दिवसांत दारासमोर पाणी फार ओढते, तेव्हा बाजूला जेथे ते संथ होते तेथे गळ टाकावा. मानशीवरची मासेमारी बहुधा लिलावात दिलेली असते. ज्याने ती घेतली असेल त्याला विचारूनच उभे राहावे. तो नाही म्हणाला तर कांदळाची कड मोकळी आहेच.

साहित्य थोडके. अर्धा मिलिमीटर जाडीचा पन्नासेक मीटर तंगूस रिकाम्या डब्याला गुंडाळावा. शेवटचा हातभर दोरा मात्र जाड हवा, कारण चोणकाचे दात बारीक असले तरी कल्ल्याची कड सुरीसारखी असते व बारीक दोरा कापून टाकते. बोटभर फटीचा मजबूत गळ, त्याच्या वर थोडे शिसे, एवढे पुरे. दोरा हाताला कधीही गुंडाळू नये.

आमिष जिवंतच असावे. कोळंबी डोक्यावरच्या काट्याखालून, आतल्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता टोचावी, म्हणजे ती बराच वेळ जगते. लहान शेवटा मिळाल्यास ओठांतून टोचावा. आमिषासाठी बांध उकरणारे लोक आम्ही पाहतो. असे कोणी करू नये! त्याच भोकातून उधाणाचे पाणी शेतात शिरते, आणि एकदा मीठ मुरले की पुढच्या भाताला ते भोवते. मासळीसाठी भरतीच्या वेळी दारे अडकवून उघडी ठेवणे हा तर सरळ शेजाऱ्याच्या शेताचा घात आहे.

ओढ लागली की मनात तीन आकडे मोजून झटका द्यावा. चोणक उडी मारून डोके झाडतो. त्या वेळी दोरा सैल पडला की मासा गेलाच. त्याला दमवून हातजाळ्यात घ्यावा. कल्ल्यात बोटे घालू नयेत. मानशीचे चिरे शेवाळाने निसरडे असतात आणि खाली प्रवाह असतो, म्हणून रात्री एकट्याने जाऊ नये.

आता एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चोणक प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे पाच-सहा किलोंच्या पुढचे बहुतेक चोणक माद्याच, आणि अशा एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. पावसाळा हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ. त्या महिन्यांत एवढा मोठा मासा लागला तर तो सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. किलोच्या आतला तर कोणत्याही महिन्यात सोडावा, त्याने अजून वंश वाढवलेला नसतो. सोडताना फेकू नये. गळ काढून, पोटाखाली ओला हात देऊन, तोंड प्रवाहाकडे करून धरावे. शेपटी हलवून तो आपणहून निघून जातो.